चौधरी, शेवटी आय

२७ ऑगस्ट २०१७, रविवार. गणपतीचा तिसरा दिवस. दुपारी दीडला अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावाचा मेसेज आला: "पाणी दारापाशी आलंय. लाइट गेली. काळजी करू नका." ह्यूस्टनला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. त्यानंतर एकेचाळीस तास त्याचा काही पत्ता नाही.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, केळीचं घर. वादळ आम्हाला नवं नाही. मे-जूनमध्ये एका संध्याकाळी वारा सुटतो आणि घडांनी लगडलेली बाग सकाळी आडवी दिसते. पण त्या वादळात माणूस कुठे जात नाही. तो बांधावर डोक्याला हात लावून बसलेला असतो, सगळ्यांना दिसतो. हा सहा-सात समुद्रांपलीकडे, बायको आणि दोन वर्षांची पोर घेऊन, आणि फोन स्विच ऑफ.

'हार्वे' चक्रीवादळ शुक्रवारी रात्री टेक्ससच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टजवळ धडकलं. ह्यूस्टन तिथून बरंच लांब. वाऱ्याने ह्यूस्टनचं फार बिघडलं नाही, बुडवलं ते पावसाने. वादळ पुढे सरकेचना, तिथेच घुटमळत बसलं. टेक्ससच्या नेदरलँड गावात साठ इंचांच्या वर पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड हजार मिलिमीटर. आपल्या जळगाव जिल्ह्यात वर्षभरात सातशेच्या आसपास पडतो. दोन वर्षांचा पाऊस चार-पाच दिवसांत.

"आधीच का नाही निघाला?" हे मला त्या दोन दिवसांत निदान वीस जणांनी विचारलं. जणू मीच त्याला थांबवून ठेवला होता. तर, शहराच्या महापौरांनीच घर सोडू नका असं सांगितलं होतं. २००५ साली 'रीटा'च्या वेळी सगळं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर आलं होतं, आणि त्या पळापळीत, गाड्यांच्या रांगांत, उन्हात शंभरावर माणसं गेली. ते लोक विसरलेले नव्हते.

सोमवारी टीव्हीवर सांगितलं, ह्यूस्टनच्या ॲडिक्स आणि बार्कर या दोन धरणांतून पाणी सोडलं. आमच्या वडिलांचा, आबांचा चेहरा उतरला. हतनूर धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की तापीकाठाला काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. मग भाचा लॅपटॉपवर नकाशा उघडून बसला. धरणांचं पाणी बफेलो बायूत जातं, मामाचं घर ब्रेज बायूपाशी, असं त्याने आबांना तीनदा बोटाने दाखवलं. बायू म्हणजे आपला नालाच, फक्त नदीएवढा. आबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पानी नकाशा पाहून येत नाही."

आई देवापाशी बसून होती. मी रडकुंडीला आले की तीच म्हणायची, "डोया लागला असंन त्याचा, कायले घाबरते वं."

आता आमचा मूर्खपणा सांगते. रविवारी रात्री पुण्याच्या चुलतभावाने धाकट्याचा लग्नातला फोटो लावून आवाहन तयार केलं: 'जळगावचा तरुण अमेरिकेच्या महापुरात बेपत्ता', खाली माझा नंबर. आत्येबहिणीने वेगळं केलं, त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी तिसरं. एकात पत्ता जुन्या घराचा. एकात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, शेवटी आय हवा तिथे वाय. सोमवारी सकाळी तेच आवाहन आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं. 'बेपत्ता' हा शब्द आम्ही घरात तोवर उच्चारलाही नव्हता, तो तिने फोटोखाली वाचला.

त्याच सुमारास तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांचं ट्वीट सगळीकडे फिरत होतं: ह्यूस्टन विद्यापीठात दोनशे भारतीय विद्यार्थी गळ्याइतक्या पाण्यात अडकलेत, तिथले आपले महावाणिज्यदूत अनुपम राय मदतीला लागलेत. आम्ही तिकडेही फोन लावले, पाच जणांनी पाच वेळा. भाच्याने 'झेलो' नावाचं वॉकीटॉकीसारखं ॲप घेतलं. त्यावर स्वतःच्या होड्या घेऊन निघालेली माणसं बोलत होती आणि लोक त्यांना पत्ते सांगत होते. छपरावर चौघं, एक आजी ऑक्सिजनवर. रात्रभर ते आवाज घरात चालू. शेवटी मीच बंद करायला लावलं.

काम मार्गी लावलं ते तिथल्या मराठी लोकांच्या ग्रुपातल्या एका नागपूरकर ताईंनी. त्यांनी मला फोनवर गप्प बसवलं. "रडू नंतर. वही घ्या." मग विचारत गेल्या. पासपोर्टवर नाव कसं आहे, अक्षर न् अक्षर सांगा. घर क्रमांक, झिपकोड. घर एकमजली की दुमजली? गाडी कोणती? पोरीचं वय? कुणाला रोजचं औषध? शेवटचा मेसेज तिकडच्या किती वाजता? वहिनीच्या थायरॉइडच्या गोळ्या मला आठवल्या, घर एकमजली की दुमजली ते मात्र माहीत नव्हतं. चार वर्षं व्हिडिओ कॉल करतोय, जिना आहे की नाही ते कधी पाहिलंच नाही.

रेडक्रॉसची 'सेफ अँड वेल' नावाची यादी होती. आपण सुखरूप आहोत अशी नोंद माणसाने स्वतः करायची, आणि घरच्यांनी आडनावासोबत फोन नंबर किंवा पत्ता टाकून शोधायचं. ताईंनी चौधरी सगळ्या तऱ्हांनी टाकून पाहिलं. सी-एच-ए-यू, सी-एच-ओ-यू, शेवटी आय, शेवटी वाय. नाही. त्यांनी हेही सांगितलं, की निवाऱ्यात कोण आहे ते बाहेरच्याला सांगत नाहीत. बायको नवऱ्यापासून लपून आलेली असू शकते, म्हणून. निरोप मात्र पोचवतात. तेव्हा त्यांनी ओळखीच्या स्वयंसेवकांकरवी तीन निवाऱ्यांत चिठ्ठ्या लावल्या: अमुक चौधरी, भुसावळच्या ताईला फोन कर, आणि खाली माझा नंबर. वर मला ताकीद: "आता तुमच्याकडून एकच माणूस बोलेल, तुम्ही. बाकीच्यांना सांगा, हात जोडते, फोन करू नका."

मंगळवारी सकाळी सहा चाळीसला अनोळखी नंबर वाजला. "ताई, मी."

झालं होतं असं. पाणी कमरेपर्यंत चढलं. आपत्कालीन नंबर लागेना. शेजाऱ्याच्या होडीत चढताना याचा फोन खिशातून पाण्यात गेला, वहिनीचा आधीच भिजून मेला होता. तिथून डंपरमध्ये बसवून त्यांना जॉर्ज ब्राउन सभागृहात नेलं. तिथे सोय पाच हजारांची, आणि माणसं नऊ हजारांहून जास्त झाली. फोन करायला लोक देत होते, पण करायचा कुणाला? याला एकही मोबाइल नंबर पाठ नव्हता. लहानपणापासून पाठ असलेला एकच, गावच्या घराचा लँडलाइन. तो त्याने तीनदा फिरवला. तो आम्ही दोन वर्षांपूर्वीच परत केलेला. चिठ्ठी दिसली तेव्हा माझा नंबर त्याला कळला.

त्याच दिवशी मुंबई बुडाली आणि आसनगावजवळ दुरोंतो रुळांवरून घसरली. आमचे हे कल्याणला अडकून पडले. त्यांची काळजी करायचं माझ्याकडून चक्क राहून गेलं, ते अजून ऐकवतात.

पाणी ओसरल्यावर धाकटा घर साफ करायला निघाला, तेव्हा आबांनी फोन हातात घेतला. "झाडू ठेव. आधी पंचनामा." त्याला हसू आलं, पण तिकडच्या विमा एजंटानेही तेच सांगितलं: काही फेकायच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे. घर भाड्याचं, सामानाचा पुराचा विमा नाही, त्यामुळे फ्रिज, सोफा, गाद्या गेल्या त्या गेल्या. गाडीचे पैसे मिळाले. सरकारी मदत देणारी 'फेमा' म्हणजे तिकडचं आपत्ती खातं. याचा व्हिसा कामाचा, त्यामुळे रोख मदत याच्या नावाने नाही. पण पोर तिथे जन्मलेली, तिथली नागरिक. तिच्या वतीने अर्ज करता आला. आबांनी गावभर सांगितलं, "नातीच्या नावावर पंचनामा झाला."

एक काम मात्र आमच्याकडून राहिलं. ताईंनी बजावलं होतं, जितक्या ठिकाणी हरवला म्हणून सांगितलं तितक्या ठिकाणी सापडला म्हणून सांगा. आम्ही पेढे वाटले आणि विसरलो. दिवाळीपर्यंत मला फोन येत होते. एका आजोबांनी कोपरगावहून केला, ते रोज त्याच्यासाठी दिवा लावत होते. त्यांना सांगताना मला लाज वाटली.

पुढच्या वर्षी धाकटा गणपतीला आला. ओट्यावर बसून पोरीला केळं सोलून देत होता, आणि माझ्या फोनवर शाळेच्या ग्रुपमध्ये ते आवाहन पुन्हा आलं, 'तातडीने पुढे पाठवा' म्हणून. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने स्वतःचा फोटो पाहिला, खालचं सगळं नीट वाचलं.

"ताई, अगं वायच आहे अजून."