बोट विकली तिकडे, उलटतपासणी झाली गावात

बोट विकली मे महिन्यात, अमेरिकेत, मिनेसोटातल्या ब्रेनर्ड गावाजवळ. तिची खरी चौकशी मात्र झाली जुलैत, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता, बांधीत माणसं कमी पडत होती, तरी जेवणानंतर ओसरीवर गप्पांना माणसं कमी नव्हती. शेजारचे काका मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद, सगळी हयात इटियाडोह धरणाच्या पाण्यात गेलेली. त्यांनी माझा मोबाइल हात लांब करून धरला, बोटीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चांगली होती तं विकली काहून गा?"

तिकडच्या प्रत्येक गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न हाच विचारला होता. उत्तर साधं होतं. नोकरी मिनिआपोलिसला हलली, राहायला फ्लॅट, ट्रेलर उभा करायला जागा नाही. गिऱ्हाइकांना ते लगेच पटलं. काकांना नाही. बैलबाजारात खरं कारण सांगून कोणी जोडी विकत नसतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तलाव' असं छापलेलं असतं. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, मुलखातून गेलेल्या माणसाला ते वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात तिथे तलाव त्याहून जास्त आहेत. ब्रेनर्डच्या भागात तर दर दोन-चार घरांआड एक बोट ट्रेलरवर दिसते. माझी 16 फुटी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारलेली, लुंड कंपनीची. ही कंपनी मिनेसोटातल्याच न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावातली. मागे 1993 ची, 25 हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक एव्हिनरूड मोटर. दोरी ओढून सुरू करायची आणि मागे बसून दांड्यानं वळवायची.

एव्हिनरूडला तिकडे वेगळा मान आहे. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून लहानपणी आलेला माणूस. त्यानं बोटीच्या मागे अडकवायची मोटर बनवली आणि 1909 मध्ये मिलवॉकीत तिचा धंदा सुरू केला. पुढे कंपनी बऱ्याच हातांतून गेली आणि 2020 मध्ये या मोटरींचं उत्पादन बंद झालं. त्यामुळे दुसरा प्रश्न ठरलेलाच: पार्ट मिळतील का? मिळतात. इम्पेलर (पाण्याच्या पंपातला पंखा), कार्ब्युरेटरचं किट, स्पार्क प्लग, सगळं दुसरे लोक बनवतात आणि घरपोच येतं. पण कंपनी बंद म्हटल्यावर किंमत थोडी पडतेच. त्याला इलाज नाही.

काकांना खरा रस होता तो मोटर इतकी वर्षं टिकली कशी यात. म्हणून थंडीचं सांगितलं. तिथे तलाव असे गोठतात की लोक बर्फावर पिकअप घेऊन जातात आणि भोक पाडून गळ टाकतात. हे ऐकून ओसरीवरची पोरं हसली. काका नाही हसले, "मंग मोटरीतल्या पाण्याचं काय?" म्हणाले. नेमकं तेच. खालच्या गिअरच्या पेटीत पाणी शिरलं असेल तर ते गोठतं, फुगतं आणि पेटी तडकते. म्हणून ऑक्टोबरात गिअर ऑइल काढून पाहायचं. ते दुधाळ दिसलं तर सील गेलं, पाणी आत आलं. मग नवं ऑइल भरायचं, सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारायचा, कार्ब्युरेटर कोरडा करायचा आणि मोटर उभीच ठेवायची, म्हणजे आतलं पाणी निथळतं. पेट्रोलही बिनइथेनॉलचं वापरायचं. तिथे ते बोटींसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळं मिळतं, महाग असतं. इथेनॉल ओल धरतं, जुन्या कार्ब्युरेटरात चिकटा होतो. आपल्याकडे पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आल्यापासून पुतण्या आपल्या मोटरसायकलीबद्दल रोज कुरकुरतो, त्याला हा मुद्दा फार आवडला.

हे सगळं मी एका वहीत लिहीत आलो होतो. कधी इम्पेलर बदलला, कधी ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस दिलं, कुठलं ऑइल. जाहिरातीत वहीच्या दोन पानांचा फोटो टाकला, आणि बोटीच्या फोटोपेक्षा फोन आले ते त्यामुळे. 'एकदम नव्यासारखी' असं लिहिणाऱ्या जाहिराती तिथेही ढिगानं असतात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. बोट न पाहताच पूर्ण पैशांचा चेक पाठवतो, वाहतुकीचे जास्तीचे त्यातच घालतो, तेवढे ट्रकवाल्याला देऊन टाका, असे निरोपही आले. ती जुनी ठगी आहे. चेक खोटा निघतो आणि आपण दिलेले जास्तीचे पैसे जातात. सरळ पुसून टाकले.

ज्यानं घेतली तो उत्तरेकडच्या लोहखाणींच्या पट्ट्यातला निवृत्त मेकॅनिक. आल्या आल्या त्यानं काही न बोलता मोटरीच्या झाकणावर तळहात ठेवला. मी आधीच सुरू करून गरम तर ठेवली नाही ना, हे पाहत होता. थंड मोटर किती ओढण्यांत सुरू होते, यावरच तिचं खरं वय कळतं. हे सांगितल्यावर काकांनी मांडीवर थाप मारली. "हा खरा माणूस!"

मग त्यानं दोन्ही प्लग काढले आणि काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. माझे जवळपास सारखे भरले. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरासा ढिला केला आणि थेंब बोटावर घेऊन उजेडात धरला. मोटरीचा खालचा भाग धरून वरखाली हलवला, कारण मोटर ज्या मागच्या फळीवर टांगलेली असते तिच्यात प्लायवूड असतं. ते आतून कुजलं तर बाहेरचा पत्रा चकचकीत दिसतो आणि फळी मात्र वाकते. शेवटी पाण्याचा पाइप लावून मोटर चालवली. बाजूनं पाण्याची धार जोरात यायला हवी. नाही आली तर पंप गेला, मोटर तापणार.

पुढच्या बाजूचं एक रिव्हेट पाझरतं, हे मी जाहिरातीतच लिहिलं होतं. यावर ओसरीवर चांगलंच वाजलं. पुतण्याचं म्हणणं, घेणाऱ्याचे डोळे कशाला असतात? काकांचं म्हणणं वेगळं. "सांगतलं नसतं तं त्यानं शोधलंच असतं, अन् मंग बाकीच्या बोटीवरूनबी त्याचा इमान उडला असता." मला काकांचं पटतं. त्या मेकॅनिकनं रिव्हेट पाहिलं, नख लावलं आणि किमतीतून त्याचा एक डॉलरही कापायला सांगितला नाही. 3,600 मागितले होते, ट्रेलरसकट 3,400 ला सौदा झाला. आपले जवळपास तीन लाख. वाटाघाट चहा पिऊन होईल इतकीही चालली नाही, याचं ओसरीवर सगळ्यांना वाईट वाटलं.

निघताना त्यानं बोटीच्या तळाचा बूच काढून खिशात टाकला. तिथे तो कायदा आहे. तलावावरून बोट रस्त्यावर नेताना पाणी काढून टाकायचं, बूच उघडा ठेवायचा, चिकटलेलं शेवाळ-गवत साफ करायचं. झेब्रा मसल नावाचे बारीक शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जातात आणि मग हटत नाहीत. काका म्हणाले, आपल्या तलावात बेशरमची झुडपं शिरली तेव्हा असं कोणी सांगतलं असतं तं बरं झालं असतं.

मग अर्थातच, अशी बोट इटियाडोहवर चालेल का? इथे डोंगा आहे, कोणी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतं. काकांनी मोटर किती पेट्रोल पिते विचारलं. पूर्ण वेगात तासाला नऊ लिटरच्या आसपास, वर दर पन्नास लिटरमागे एक लिटर टू-स्ट्रोक ऑइल. त्यांनी जमिनीवर बोटानं हिशेब केला आणि मान हलवली. "तेवढ्याचे झिंगे भेटत नाई, बाबू. अन् जाळ्यात पंखा अडकला तं जाळंबी गेलं." मोटर तिकडेच राहू दे, असा निकाल लागला.

पण पत्रा त्यांच्या डोक्यातून जाईना. नुसती बोट मोटरीशिवाय दोनशे किलोच्या आसपास, कुजत नाही, दरवर्षी डांबर लावायला नको. "पत्रा किती जाड?" दोन मिलिमीटरच्या थोडा वर. आणायचं भाडं बोटीपेक्षा जास्त होईल, हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प बसले. मग पुतण्याला म्हणाले, साकोलीच्या फॅब्रिकेशनवाल्याला विचार, ॲल्युमिनियमवर रिव्हेट मारता येतात का त्याले. आणि मला तळाचे चार-पाच फोटो पाठवायला सांगितले, माप दिसेल असे.