बघावी लागणारी मालिका

१९८२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने 'पोलीस स्क्वॉड!' नावाची अर्ध्या तासाची विनोदी मालिका सुरू केली, चार गुरुवार ती दाखवली आणि बंद करून टाकली. तयार होऊन पडलेले आणखी दोन भाग होते, ते जुलैत उरकण्यात आले. जाहिराती वगळल्या तर ही सहा भागांची मालिका अडीच तासांत पाहून होते. ती बंद का केली याचे वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे प्रमुख टोनी थोमोपुलोस यांनी दिलेले कारण मालिकेइतकेच प्रसिद्ध झाले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ही मालिका आवडायची तर प्रेक्षकाला ती बघावी लागते.

टेलिव्हिजनचा धंदा करणाऱ्या माणसाने 'बघावे लागते' अशी तक्रार करावी, याची तेव्हापासून यथेच्छ टिंगल होत आली आहे, आणि अकाली बंद पडलेल्या चांगल्या मालिकांचा विषय निघाला की हे उत्तर मूर्खपणाचा नमुना म्हणून हटकून पुढे केले जाते. मला मात्र त्यात मूर्खपणा दिसत नाही. मालिका गुंडाळणाऱ्यांनी दिलेल्या कारणांमध्ये इतके नेमके कारण माझ्या तरी वाचनात दुसरे नाही. एरवी 'अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही' एवढ्यावर सगळ्यांची बोळवण होते. प्रतिसाद का मिळाला नाही हे सांगण्याच्या फंदात कोणी पडत नाही. थोमोपुलोस यांनी निदान दुखण्याचे नाव तरी सांगितले.

ही मालिका काढणारे तिघे म्हणजे डेव्हिड आणि जेरी झुकर हे भाऊ आणि त्यांचा मित्र जिम एब्राहम्स. १९८० साली त्यांचा 'एअरप्लेन!' हा चित्रपट तुफान चालला होता. गंभीर भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नटांकडून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, वेडगळ वाक्ये म्हणवून घ्यायची ही त्यांची युक्ती. त्या चित्रपटात डॉक्टर झालेले लेस्ली नील्सन तोवर अनेक वर्षे भारदस्त भूमिकाच करत आले होते. 'पोलीस स्क्वॉड!'मध्ये तेच डिटेक्टिव्ह फ्रँक ड्रेबिन झाले. मालिका जुन्या अमेरिकन पोलीस मालिकांचे, त्यातही ली मार्विन यांच्या १९५७ ते १९६० या काळात चाललेल्या 'एम स्क्वॉड'चे विडंबन होती, आणि हे विडंबन इतके कसून केलेले होते की निवेदनासाठी आवाजही हँक सिम्स यांचा घेतला होता, ज्यांनी खऱ्याखुऱ्या गुन्हेगारी मालिकांची निवेदने वर्षानुवर्षे केली होती.

सुरुवातीची एक-दोन मिनिटेच पाहा. निवेदक त्या घनगंभीर आवाजात नटांची नावे घेतो आणि त्यातच अब्राहम लिंकन यांच्या भूमिकेत रेक्स हॅमिल्टन असल्याचे जाहीर करतो. नाटकगृहात बसलेल्या लिंकन यांच्यावर गोळी झाडली जाते आणि ते वळून उलट गोळीबार करतात. पुढे कथेत या लिंकन यांचे नावही निघत नाही. मग आजचे खास पाहुणे कलाकार म्हणून एखाद्या नामवंत नटाचे नाव पुकारले जाते आणि तो पाहुणा तिथल्या तिथे मारला जातो. पहिल्या भागात लॉर्न ग्रीन यांना छातीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत चालत्या मोटारीतून बाहेर फेकतात; त्यांचे काम तेवढेच. विल्यम शॅटनर गोळ्या शिताफीने चुकवतात आणि मग समाधानाने पेल्यातला घोट घेऊन विषाने मरतात. (या विनोदाला एक काळी कडाही आहे. जॉन बेलुशी यांचाही असा मृत्यू चित्रित झाला होता, पण पहिला भाग प्रक्षेपित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, ते खरोखरच वारले आणि तो प्रसंग काढून टाकावा लागला.)

त्यानंतर भागाचे नाव येते. पहिल्या भागात पडद्यावर 'अ सब्स्टँशियल गिफ्ट' अशी अक्षरे उमटतात आणि त्याच क्षणी निवेदक ठासून 'द ब्रोकन प्रॉमिस' असे वाचतो. हीच गंमत प्रत्येक भागात आहे, आणि तिच्याकडे कोणीही बोट दाखवत नाही. नुसते ऐकणाऱ्याला सगळे यथास्थित वाटते, नुसते वाचणाऱ्यालाही यथास्थित वाटते. डोळे आणि कान एकाच वेळी कामाला लावणाऱ्यालाच हसू येते. मला हा त्या मालिकेतला सर्वांत धाडसी विनोद वाटतो, कारण तो निसटला तर आपल्या हातून काही निसटले आहे याचाही पत्ता लागत नाही.

बाकीच्या विनोदांचीही तीच तऱ्हा. पोलीस ठाण्यातला अल हा सहकारी इतका उंच आहे की त्याचे डोके चौकटीत कधी मावतच नाही. ड्रेबिन मान वर करून त्याच्याशी कामाचे बोलतो, आणि त्याच्या उंचीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ड्रेबिन मोटार थांबवताना कचऱ्याचे डबे उडवतो, आणि डब्यांची संख्या त्या भागाच्या क्रमांकाबरोबर वाढत जाते. कानाने कळणारे विनोद नाहीत असे नाही. एका प्रसंगात घुसलेल्या माणसाला 'तू कोण आणि आत कसा आलास' असे विचारले असता दोन्ही प्रश्नांना तो आपण कुलपे दुरुस्त करणारा असल्याचे एकच उत्तर देतो. बूटपॉलिश करणारा जॉनी पैसे हातात पडताच गुन्हेगारी जगताची बित्तंबातमी ड्रेबिनला पुरवतो, आणि ड्रेबिन उठून गेल्यावर त्याच खुर्चीत एखादा शल्यविशारद येऊन बसतो व शस्त्रक्रिया कशी करायची ते जॉनीला विचारतो. पण असे विनोदही कोणी हसून दाखवत नाही, क्षणभर थांबत नाही, आणि मुख्य म्हणजे या मालिकेला हास्याची ध्वनिफीत नाही.

ही शेवटची गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्याने १९५० च्या दशकात एक पेटी तयार केली होती, जिच्या कळा दाबल्या की साठवून ठेवलेले हसू हवे तसे बाहेर येई, आणि पुढे अमेरिकन विनोदी मालिका त्या हसण्यावर वाढल्या. प्रेक्षकाला केव्हा हसायचे ते कळत नाही म्हणून हे यंत्र लागते, असे आपण तुच्छतेने म्हणतो. मला त्याचा उपयोग वेगळाच दिसतो. हे हसू पाठमोऱ्या माणसासाठी असते. मी स्वतः मालिका बघतो म्हणजे बहुतेक वेळा ऐकतोच. हात कपड्यांच्या घड्या घालत असतात, डोळे घडीवर असतात, आणि पडद्याकडून हशा आला की मी वर बघतो. तोवर विनोद होऊन गेलेला असतो, पण तो कोणावर झाला हे पात्रांच्या चेहऱ्यांवरून कळते आणि तेवढ्यावर काम भागते. घराघरांत टेलिव्हिजन असाच चालतो. कोणी दारापर्यंत जाऊन येतो, कोणी फोनवर बोलतो, कोणी मधूनच 'काय झालं?' म्हणून विचारतो, आणि चांगली सरावलेली मालिका हे सगळे गृहीत धरून एकच गोष्ट तीनदा सांगते. 'पोलीस स्क्वॉड!'ने यांतले काहीच गृहीत धरले नाही. घड्या घालणाऱ्याला तिच्यात ऐकू येई ती एक बऱ्यापैकी गंभीर, किंचित कंटाळवाणी पोलीस मालिका. आणि गंभीर पोलीस मालिकाच ऐकायची, तर त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर एक देखणा गुप्तहेर खरोखरीच्या गुन्ह्यांचा तपास करत होता.

थोमोपुलोस यांच्या उत्तरामागे मोजमापाचीही एक गोम होती. कोणता कार्यक्रम किती घरांत चालतो याचे आकडे तेव्हा नील्सन कंपनी देत असे. (लेस्ली नील्सन यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता, पण नील्सनला नील्सननेच घालवले हा विनोद खुद्द झुकर बंधूंनाही सुचून लाज वाटावी असा आहे.) नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत जे यंत्र बसवलेले असे, ते संच चालू आहे का आणि कोणत्या वाहिनीवर आहे एवढेच टिपत असे. समोर कोण बसले आहे हे कळ दाबून नोंदवण्याची सोय असलेले मीटर तिथे १९८७ साली आले, आणि बसलेला माणूस पडद्याकडे बघतो आहे की छताकडे, हे त्यालाही कळत नव्हते. म्हणजे मन लावून बघणारे एक घर आणि संच लावून आतल्या खोलीत गेलेले एक घर यांची किंमत सारखीच. या हिशेबात टक लावून बघायला लावणाऱ्या मालिकेला जादा गुण मिळण्याची सोयच नव्हती. उलट आत गेलेले घर तिच्या हातून जाणार, हे ठरलेलेच. त्याच वर्षीच्या एमी पुरस्कारांसाठी नील्सन यांना अभिनयाचे आणि तिघा लेखकांना लेखनाचे नामांकन मिळाले, पण नामांकने देणाऱ्यांचे बघणे हेच काम असते.

पुढे जे झाले त्याने थोमोपुलोस यांचे म्हणणे, त्यांच्याही नकळत, सिद्ध झाले. त्याच तिघांनी तेच पात्र, तेच नील्सन आणि सहा भागांतल्या बऱ्याच गमती घेऊन १९८८ साली 'द नेकेड गन' हा चित्रपट काढला आणि तो एकट्या अमेरिकेतच सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलरचा धंदा करून गेला. त्यानंतर १९९१ आणि १९९४ साली त्याचे आणखी दोन भाग निघाले, आणि २०२५ साली लियाम नीसन यांना ड्रेबिनचा मुलगा करून ते दुकान पुन्हा उघडण्यात आले. सहा वर्षांत प्रेक्षक अचानक हुशार झाला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटत नाही. सिनेमागृहात दिवे मालवलेले असतात, तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि समोरच्या पडद्याखेरीज बघण्यासारखे काही नसते. शिवाय शेजारचे दोनशे लोक हसत असतात, म्हणजे डग्लस यांची पेटी तिथे जिवंत रूपात हजर असते. प्रेक्षक तोच होता, फक्त त्याला हलता येत नव्हते.

मग मालिका लवकर बंद झाली का? झालीच, चार आठवड्यांत कोणत्याच मालिकेला आपला प्रेक्षक सापडत नाही. पण ती चालू राहायला हवी होती असे छातीठोकपणे म्हणायला मी धजत नाही. अमेरिकन वाहिन्यांचा वर्षाचा रतीब तेव्हा बावीसएक भागांचा असे. एका मिनिटात चार विनोद, त्यातला प्रत्येक विनोद चौकटीच्या वेगळ्या कोपऱ्यात, आणि पाहुणा मारण्याची दर आठवड्याला नवी रीत, हे बावीस वेळा जमवायचे म्हटले तर कोणाचीही दमछाक होईल. सहाव्या भागापर्यंत काही गमती दुसऱ्यांदा येऊ लागलेल्या दिसतात. दुसऱ्या वर्षी बहुधा फ्रँकला प्रेयसी आली असती, अलला चेहरा मिळाला असता आणि हास्याची ध्वनिफीतही जोडली गेली असती. चार भागांनी वाचवली, असेही म्हणता येईल. फक्त ते श्रेय एबीसीला द्यायला मन होत नाही.

आता ही मालिका डीव्हीडीवर मिळते, थांबवता येते, मागे नेता येते, आणि ज्या विनोदासाठी १९८२ सालच्या माणसाला एक सेकंद मिळत होता त्यासाठी आपल्याला हवा तेवढा वेळ आहे. म्हणून तिचे दिवस आले असे समजू नये. हातातल्या फोनने घड्या घालणाऱ्यांची संख्या वाढवूनच ठेवली आहे, आणि पात्राने आपण काय करतो आहोत ते मोठ्याने बोलून दाखवावे, म्हणजे फोनमध्ये मान घातलेल्यालाही कथा कळेल, अशा सूचना लेखकांना मिळतात, असे अलीकडे छापून आले आहे.

त्यातून प्रत्येक भागाचा शेवट तर आजच्या सोयींना खास प्रतिकूल आहे. जुन्या पोलीस मालिकांत तपास संपल्यावर सगळे अधिकारी एखाद्या फुटकळ विनोदावर हसत आणि चित्र तिथेच गोठून नामावली सुरू होई. इथे चित्र गोठत नाही. नटच गोठल्याचे सोंग घेऊन ताटकळत उभे राहतात आणि बाकीचे जग चालूच राहते. कॉफी ओतणाऱ्याचा हात तसाच थांबतो आणि कॉफी कपाबाहेर वाहू लागते. दुसऱ्या एका भागात पकडून आणलेला गुन्हेगार सगळ्यांचे पुतळे झालेले पाहून पळायला वाट शोधू लागतो. आणखी एकात चिंपांझी कचेरीतले कागद उधळतो. हे सगळे नामावलीच्या अक्षरांमागे चाललेले असते, आणि नामावली सुरू झाली की हल्लीची ॲप चित्र आक्रसून कोपऱ्यात ढकलतात व पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू करतात. मालिका कुठे ॲपवर सापडलीच, तर पहिल्यांदा बघणाऱ्यांनी रिमोट हातातच ठेवावा. चित्र पुन्हा मोठे करायला जेमतेम पाच-दहा सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात कॉफी टेबलावरून खाली यायला लागलेली असते.