ताप गेला, नाडी पळतच होती

ऑगस्टमधली संध्याकाळ. लालबागच्या माझ्या दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, व्हायरल सगळं एकदमच येतं. त्या गर्दीत २१ वर्षांचा एक कबड्डीपटू आईसोबत आला. संघातला मुख्य चढाईपटू.

"डॉक्टर, फिट असल्याचं लिहून द्या. रविवारी सामना आहे."

पाच दिवस ताप आणि अंगदुखी होती, ताप जाऊन तीन दिवस झाले होते. थर्मामीटरवर ९८.४. पण नाडी ११२! ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहाने वाढते. इथे तर तापच नव्हता. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजली, ११०. रोज दम घुमवणाऱ्या पोराची नाडी बसल्या जागी इतकी पळायला नको.

"जिना चढताना धाप लागते?" तो गप्प. आई म्हणाली, "काल सरावाला गेलेला. घाम काढला की उरलेली कणकण जाते म्हणे. आला तो छाती धरून बसला."

सर्टिफिकेट बाजूला ठेवलं. विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतो, मायोकार्डायटिस. तेव्हा जोर केला तर हृदयाची लय बिघडून धडधाकट खेळाडूही मैदानात कोसळतो. ईसीजीत बदल दिसले. त्याच रात्री चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, जास्त निघालं, पुढे एमआरआयमध्ये सूज दिसली.

दुसऱ्या दिवशी त्याचे कबड्डीचे सर आले, चिडलेले. मोसम वाया जाणार होता, त्यांचं दुःख खरं होतं. मी सांगितलं, तीन ते सहा महिने खेळ बंद. मग इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होल्टर म्हणजे २४ तास अंगावर लावून ठेवलेला ईसीजी, आणि पळवून घेतलेली स्ट्रेस टेस्ट; सगळं नीट आलं तरच मैदान. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं चालायला मी कुणाला अडवत नाही. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर सराव नाही. बरं वाटल्यावरही आधी चालणं, मग हलकं धावणं, चढाई सगळ्यात शेवटी. मधेच धाप लागली, छातीत दुखलं, धडधडलं की तिथेच थांबायचं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

पोरगा फेब्रुवारीत मॅटवर परतला. गेल्या आठवड्यात सर आणखी दोघांना घेऊन आले, दोघेही तापातून उठलेले. सामना दुसऱ्याच दिवशी होता.

"सर्टिफिकेटचं नंतर बघू," सर म्हणाले. "आधी नाडी बघा."