बांधावरच्या 447 ची तडजोड

तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, फिर्यादीची सही होती, चारही आरोपींच्या होत्या, वकिलांच्याही होत्या. न्यायाधीशांनी ती वाचली आणि फिर्यादीला विचारलं, "शेत कोण कसतं?"

"बटईनं दिलंय साहेब. मी पुण्याला असतो."

"मग बटईदार कुठंय?"

मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयातला हा खटला. मी आरोपींच्या बाजूनं होतो. चुलत भावांची लागून जमीन. 2022 च्या खरिपात ट्रॅक्टरनं बांध कोरला, तुरीच्या ओळी मोडल्या, आणि फिर्यादी त्या दिवशी नेमका गावी आलेला असल्यानं शिवीगाळ-धमकी झाली. भारतीय दंड संहितेची कलमं लागली 447, 427 (नुकसान), 504 (मुद्दाम अपमान), 506 (धमकी) आणि 34 (समान उद्देश).

यातलं 447, म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण, दखलपात्र आहे. 427 आणि 504 अदखलपात्र आहेत, नुसत्या त्यांच्यावर पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि पाठवून देतात. 447 आलं की सगळ्याचा मिळून एफआयआर होतो. म्हणून बांधाच्या भांडणात हे कलम पाहिजेच असा आग्रह असतो. शिक्षा मात्र तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम 329(3) लागतं. तिथं कैद तेवढीच, दंड पाच हजारांपर्यंत. घरात शिरल्याचा आरोप असेल तर 329(4), कैद एक वर्षापर्यंत. दोन्ही जामीनपात्र.

आता न्यायाधीशांच्या प्रश्नाकडे येतो. तडजोड कोणी करायची हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मधल्या तक्त्यात ठरवून दिलेलं आहे, आणि प्रत्येक कलमाला माणूस वेगळा आहे. 504 ला ज्याचा अपमान झाला तो, 506 ला ज्याला धमकी दिली तो, 427 ला ज्याचं नुकसान झालं तो. 447 ला ज्याचा ताबा होता तो. तिथं मालक असा शब्दच नाही. (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हाच तक्ता कलम 359 मध्ये आहे.) म्हणजे फिर्यादीची सही 504 आणि 506 ला पुरत होती. तूर मात्र निम्म्या वाट्यानं बटईदाराची, आणि शेतात रोज पाय त्याचा. बटईत मालकाचाही ताबा चालू राहतो, असा युक्तिवाद करता आला असता. पण तो करण्यात दुपार घालवण्यापेक्षा बटईदाराची सही आणणं सोपं. फिर्यादीनं फोन लावला. एपीपींनी, म्हणजे सरकारी वकिलांनी, प्रकरण दुपारच्या सत्रात ठेवायला हरकत घेतली नाही.

या मधल्या वेळात खरा पेच समोर आला. आरोपी नंबर चार, तेवीस वर्षांचा मुलगा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पास झालेला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, बटईदार येतो का नाही कुणास ठाऊक. मी कबूल करतो, पाचशे रुपये भरतो, विषय संपवा."

हे वाक्य तालुका कोर्टात फार ऐकू येतं, आणि दर वेळी काळजात धस्स होतं. गुन्हा कबूल करून दंड भरणं ही दोषसिद्धी आहे, रक्कम पन्नास रुपये असली तरी. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा हीसुद्धा शिक्षाच. तडजोडीचा परिणाम मात्र कलम 320(8) प्रमाणे निर्दोष मुक्तता. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोन्हीकडे तारखा बंद होतात. पण चारित्र्य पडताळणीत एक जण शिक्षा झालेला ठरतो आणि दुसरा सुटलेला. कबुली द्यायचीच वेळ आली तर निदान अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 खाली समज देऊन सोडण्याची विनंती आधी करावी. त्या कायद्याचं कलम 12 दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देतं, पण दोषसिद्धी पुसली जात नाही.

त्याला हेही सांगितलं की सुटल्यानंतरसुद्धा भरतीच्या फॉर्ममध्ये हा खटला लिहायचाच. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये माहिती दडवण्याबद्दल सविस्तर निकष घालून दिले आहेत. किरकोळ गुन्ह्यातून सुटलेल्या उमेदवाराचा विचार होऊ शकतो. लपवणं स्वतंत्रपणे अंगाशी येतं.

खटला चालवला असता तर? बहुतेक वेळा असे खटले दोन गोष्टींवर सुटतात. एक ताबा. सातबारावर नाव असणं वेगळं आणि घटनेच्या दिवशी त्या पट्ट्यावर वहिवाट असणं वेगळं. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, दाखल नसेल तर कोरलेला बांध नक्की कोणाच्या हद्दीत, हे पंचनाम्यावरून कळतच नाही. इथं तर बटईदार साक्षीदारांच्या यादीतही नव्हता. दुसरी गोष्ट हेतू. सर्वोच्च न्यायालयाच्या मथरी खटल्यापासून कायदा स्पष्ट आहे: शिरल्यामुळे समोरच्याला त्रास होईल हे माहीत असणं पुरेसं नाही, गुन्हा करणं, धमकावणं, अपमान करणं किंवा त्रास देणं हाच शिरण्यामागचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. 'जमीन माझीच आहे' असं प्रामाणिकपणे समजून नांगर घातलेला माणूस यातून बऱ्याचदा सुटतो. पण त्यासाठी चार-पाच वर्षं तारखा कराव्या लागतात. भरतीचं वय तोवर निघून जातं.

आरोपी चारच होते हे नशीब. पाचवा असता तर पोलिसांनी 143 आणि 147 लावलं असतं. गैरकायदा जमाव आणि दंगा यांची तडजोड तालुका कोर्टात होत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, तिथले वकील, प्रतिज्ञापत्रं, सगळं आलं.

बटईदार चारच्या सुमारास आला, अंगावर शेतातलेच कपडे. न्यायाधीशांनी त्याला पुढं बोलावून विचारलं, कुणी दबाव आणला का, नुकसान मिळालं का. तो म्हणाला, "तुरीचं दिलं साहेब त्यांनी. पण बांध परत घालायचा म्हणले होते, ते ह्यात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. दोघा भावांचं तोंडी ठरलं होतं. पुरसिस तिथंच दुरुस्त केली: भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीनं, फी निम्मी-निम्मी, खुणा पडतील तिथं दगड रोवायचे, बांध आरोपींनी स्वतःच्या खर्चानं घालायचा. असा मजकूर नसलेल्या तडजोडी पुढच्या पेरणीला मोडतात. ही अट मोडली म्हणून फौजदारी खटला परत उभा राहत नाही हे खरं, पण दिवाणी दाव्यात हा सही केलेला कागद कामाला येतो.

आदेश होताना दोन गोष्टी मुद्दाम मागून घेतल्या: जामीनपत्रं रद्द, आणि जप्त ट्रॅक्टर परत घेताना दिलेला सुपूर्दनामाही रद्द. दुसरी विसरली तर ट्रॅक्टर विकताना त्रास होतो, कारण मुद्देमाल सोडताना 'न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकणार नाही' असं बंधपत्र दिलेलं असतं.

नकलेचा अर्ज त्याच संध्याकाळी टाकला, मुलासाठी दोन प्रती जास्तीच्या. एक भरतीच्या कागदांत लावायला. दुसरी अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्यायला, म्हणजे सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय नोंदीत त्याच्या नावापुढची 'न्यायप्रविष्ट' ही नोंद बदलून घेता येते. पोच घ्यायला त्याला बजावून सांगितलं.