सलाईनचे दोन तास

आज ठाण्यात डे-केअरला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) तीन पेशंट, तिघांनाही इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे ती सूज कमी करणारं, सलाईनमधून द्यायचं औषध. एकाचं औषध घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आलं ते थेट बर्फाला चिकटून! २ ते ८ अंश म्हणजे थंड, गोठलेलं नव्हे. गोठल्याची शंका आली तरी ते वापरत नाहीत. आइस पॅक आणि खोक्याच्या मध्ये जाड नॅपकिन घाला.

डोस वजनावर, साधारण किलोमागे ५ मिग्रॅ. म्हणजे ५८ किलोला २९० मिग्रॅ, १०० मिग्रॅच्या तीन व्हायल (औषधाच्या पावडरच्या छोट्या बाटल्या). दर खेपेला वजन करा म्हणतात ते यासाठी. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर, धार काचेवर सोडायची, मग व्हायल हळूच फिरवायची. हलवली की फेस, आणि घाईचं तिथेच नडतं. पाच मिनिटं ठेवून द्यायची. आता एका मिलीत १० मिग्रॅ औषध, म्हणून २५० मिलीच्या नॉर्मल सलाईनमधून आधी २९ मिली काढून तेवढंच औषध घालायचं. नळीला बारीक फिल्टर हवाच. नंतर किमान दोन तास.

पेशंट 'सिस्टर, जरा फास्ट करा ना' म्हणतात. नाही करायचं. अंगाला खाज, छातीत आवळल्यासारखं, थंडी वाजणं, काहीही झालं तर लगेच सांगा. सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलावतात.

ताप किंवा खोकला असेल तर निघण्याआधी फोन करा. व्हायल एकदा कालवली की परत फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात चालत नाही.