भिंतीचा ताप

मे महिन्यातली दुपार. बाल्कनीतला थर्मामीटर ४४ दाखवतोय आणि बातम्यांत आपल्या गावचा आकडा ४०. मग घरोघरी एकच निष्कर्ष निघतो: हवामान खातं खरं सांगत नाही.

थर्मामीटर बिचारा फक्त स्वतःचं तापमान सांगतो. खिळ्याला टांगला की त्यात भिंतीचंही मिसळतं. पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि मध्यरात्र उलटली तरी ओकत राहते, म्हणून रात्रीचा किमान आकडाही चुकतो. सावलीत ठेवलाय, हे उत्तर पुरत नाही. तापलेला गिलावा, समोरचा पत्रा, शेजारच्या एसीचं बाहेरचं यंत्र, यांची धग सावलीतही पोचतेच.

उत्तरेची भिंत निवडा, असं पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं थंड देशातली. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चअखेरपासूनच त्या भिंतीवर येतं. म्हणजे मोजायची खरी हौस असते नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेची भिंत फितूर.

वेधशाळेत यावर उपाय म्हणजे दुहेरी झडपांची पांढरी लाकडी पेटी. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनीयरची ती कल्पना. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, खाली गवत, आणि आपल्याकडे दार उत्तरेला, म्हणजे वर्षातला बराच काळ वाचन घेताना ऊन आत शिरत नाही.

फ्लॅटवाल्यांनी या पेटीऐवजी कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बशा आणाव्यात. वरच्या दोन अखंड, बाकीच्यांना मध्ये भोक. तीन आटेदार सळयांवर त्या पालथ्या ओवायच्या, दोन बशांत नटाने दीड सेंटीमीटर फट राखायची. डिजिटल थर्मामीटरचा वायरवाला सेन्सर मधोमध लोंबता हवा. बशीला टेकला की बशीचं तापमान वाचतो. हा मनोरा पीव्हीसी पाइपच्या हातावर भिंतीपासून निदान एक मीटर बाहेर काढायचा. ग्रिलला बांधलात तर सगळी मेहनत पाण्यात. वारा पडला की बशाही तापतात. मग वरच्या टोकाला, अखंड बशांच्या खाली, कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवायचा, तोही खालून हवा वर ओढणारा. उलटा बसवला तर मोटरची ऊब सेन्सरवर येते.

टांगण्याआधी सेन्सर कुटलेल्या बर्फाच्या लगद्यात दहा मिनिटं बुडवावा. शून्य यायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे चालतो. पावसात सेन्सर भिजला तर आकडा खोटाच थंड येतो, बाष्पीभवनामुळे.

एवढं करून बाल्कनीचा आकडा बातम्यांच्या जवळ येतो, आणि भांडायला विषय उरत नाही. मात्र पश्चिमेच्या भिंतीला लागून ज्या म्हाताऱ्या माणसाची खाट आहे, त्याच्यासाठी हा मनोरा कुचकामी. तिथे दुसरा थर्मामीटर उशाशी ठेवावा, चुकीच्या जागी, मुद्दाम, आणि रात्री दहाला वाचावा. पस्तीसच्या वर असेल तर खाट हलवा.