सहा हजार रुपये आणि बारा वर्षांचा डेस्कटॉप

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरचा डेस्कटॉप २०१४ साली जुळवलेला. आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला, अंगावर ‘४५० वॉट’ छापलेला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). कामं साधीच: सोसायटीचे हिशेब, बँक, मराठी टायपिंग, मुलीचे वर्ग. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत साडेचार मिनिटं लागत होती. खर्चाची मर्यादा सहा हजार ठरवली.

बाजारात जायच्या आधी दोन गोष्टी केल्या. पहिली, विंडोजमधला टास्क मॅनेजर (कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारा) उघडून नुसतं बघत बसलो. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर, मेमरी ९० च्या आसपास, प्रोसेसर मात्र २०-३० टक्क्यांवर निवांत. म्हणजे अडलं होतं डिस्क आणि रॅमपाशी. जुनं मशीन हळू झालं की दुकानदार पहिल्यांदा प्रोसेसर नाहीतर ग्राफिक्स कार्ड सुचवतो, ते इथे कामाचं नव्हतं. फिरती हार्ड डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या वर जाते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइल इकडून तिकडून वाचाव्या लागतात आणि तिथे तीच डिस्क सेकंदाला १ एमबीच्या आसपास रखडते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारी सुई नाही, म्हणून फरक पडतो तो इथे.

दुसरी गोष्ट, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहिली. ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी बघायच्या. पहिली डिस्कने बाद करून बदललेल्या जागांची, दुसरी धड वाचता न येणाऱ्या जागांची. दुसऱ्या ओळीत शून्याऐवजी आकडा असेल तर आधी डेटा बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधून मदरबोर्डचं नेमकं मॉडेल, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि रॅमचा वेग कागदावर लिहून घेतला. हा कागद खिशात असला की काउंटरवर फसायला होत नाही.

मग झाकण उघडलं. ठाण्यात धूळ आणि पावसाळी दमट हवा मिळून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये नमदा जमतो, नुसत्या फुंकरीने तो हलत नाही. गॅलरीत नेऊन रंगाच्या कोरड्या ब्रशने सैल केला, मग ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. स्थिर विजेची भीती आपल्याकडच्या दमट हवेत उत्तरेतल्या कोरड्या थंडीइतकी नाही, तरी दर वेळी आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आणि प्लग लावलेला असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत हे सर्रास असतं. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या. नवे भाग त्या सॉकेटवर लावू नका.

खरेदीसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड, संगणकाच्या सामानाचा बाजार. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथे पश्चिमेची गाडी पकडून ग्रँट रोड. ठाण्यात स्टेशनजवळही सामान मिळतं, वाशीतही मिळतं, पण दहा-बारा वर्षं जुन्या बोर्डाचे भाग एकाच फेरीत चार दुकानांत बघायला मिळतात ते तिकडेच. एसएसडी नवी आणि जीएसटीच्या बिलासकटच घ्यायची, कारण तिची वॉरंटी बिलावर चालते. ओळखीच्या कंपनीची २४० जीबीची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) एसएसडी २,२०० रुपयांना पडली. विंडोज तिला २२३ जीबी दाखवतं. ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. फसवणूक असते ती अनोळखी नावाच्या ‘१ टीबी’ स्वस्तात देणाऱ्या डिस्कमध्ये. आत चिप छोटी आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. एच२टेस्टडब्ल्यू या चाचणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून पाहिल्याशिवाय ते उघडकीस येत नाही. एम.२ एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी जास्त वेगवान एसएसडी, घ्यायचा मोह नको. या बोर्डावर त्याची खाच नाही, आणि पीसीआयई कार्डावर बसवली तरी या पिढीचे बहुतेक बायोस तिच्यावरून बूट करत नाहीत.

रॅमच्या बाबतीत मात्र मी चुकलो. एका काउंटरवर ८ जीबीची डीडीआर३ निम्म्या भावात मिळत होती, ती उचलली. घरी आणून लावली तर पंखा फिरतोय, पडदा काळा. स्टिकरवर बारीक अक्षरात ‘एएमडी’ होतं. या स्वस्त स्टिकवर ४ बिट रुंदीच्या चिप असतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर त्या ओळखत नाही, काही एएमडी बोर्ड चालवून घेतात. टेस्टिंग वॉरंटी लिहून घेतली होती म्हणून दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली, पण लोकलची एक फेरी फुकट गेली. बदली स्टिक १,१५० रुपयांची, १६०० मेगाहर्ट्झ. डीडीआर३ असो वा डीडीआर३एल, या पिढीला दोन्ही चालतात. जुनी ४ जीबी काढली नाही. ४ आणि ८ एकत्र लावली तर दोन्हीकडचे मिळून ८ जीबी दुहेरी चॅनेलवर, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालतात, उरलेली ४ एकेरीवर. पडद्याचं काम प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर असल्यामुळे दुहेरी चॅनेल उपयोगी पडतो. जुन्या स्टिकचे सोनेरी पाय पांढऱ्या खोडरबराने हलके पुसले, भुगा झटकला. हा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला माहीत आहे आणि दहापैकी निम्म्या ‘डिस्प्ले येत नाही’ तक्रारी त्यानेच मिटतात.

प्रोसेसर वापरलेलाच मिळतो, नवा नाही. बोर्डाचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एलजीए ११५०, म्हणजे इंटेलची चौथी पिढी. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे एलजीए ११५५ चे प्रोसेसर दिसायला जवळपास सारखे, पण खाचा वेगळ्या, बसणार नाहीत. मी आय५-४५७० घेतला, १,६०० रुपये. इथे शेवटच्या अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. ४५७० ला चार कोर आहेत, ४५७०टी ला दोनच. टी घेतलात तर पैसे देऊन आहात तिथेच. ४५९० थोडा वेगवान, पण तो नंतर आलेल्या फेरीतला, आणि जुन्या बायोसच्या एच८१ बोर्डावर तो आधी बायोस अपडेट केल्याशिवाय सुरू होत नाही. सर्व्हरसाठीचा झिऑन ई३-१२३१ व्ही३ स्वस्तात दिसतो, पण त्याच्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वर कार्ड विकत घेणं आलं. धातूच्या टोपीवर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेला तुकडा चाचणीसाठीचा नमुना असतो, कितीही स्वस्त असला तरी तो सोडून द्यायचा.

बदलताना मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली थर्मल पेस्ट सुटते. मग बंद करून प्लग काढला. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. माथ्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून त्या मोकळ्या करायच्या आणि कूलर उपटायचा नाही, थोडा पिळून उचलायचा. बारा वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. प्रोसेसर कडेने धरून सरळ वर. या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात, वरून काही पडलं किंवा बोट लागलं तर एखादी वाकते आणि मग रॅमची एक खाचच दिसेनाशी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी. जास्त घातली तर ती कडेने सॉकेटमध्ये उतरते. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्यांनी दाबायच्या, प्रत्येकीचा ‘कट्ट’ आवाज ऐकू आला पाहिजे. मग बोर्ड उलटून पाहायचं, काळी टोकं चारही बाहेर आली आहेत ना. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर तिरका बसतो आणि मशीन तापून मंदावतं. आय३ चा बुटका कूलर ५४ वॉटसाठीचा, आय५ ८४ वॉटचा. दुपारी सलग भार टाकल्यावर माझ्याकडे ७८ अंशांपर्यंत गेला, चालण्यासारखा आहे. ९० च्या पुढे जात असेल तर कूलर पुन्हा बसवा.

याच वेळी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलला, ४० रुपये. तो मेला की दर वेळी तारीख मागे जाते आणि बँकेच्या साइटवर प्रमाणपत्र चुकीचं असल्याचं सांगितलं जातं. लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

एसएसडीची साटा केबल ८० रुपयांची वेगळी घेतली. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे, दोन ३ चे. कुठले कुठे ते मॅन्युअलमध्ये पाहून ६ च्या पोर्टवरच लावा. एसएमपीएसला साटाचं टोक कमी पडलं तर मोलेक्स-साटा जोड (जुन्या चार पिनांच्या टोकावरून साटाचं टोक काढणारा) मिळतो, पण त्यातला एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचा घेऊ नका. आत तारा जवळ येऊन शॉर्ट होतात आणि जोड वितळतो. तारा दाबून बसवलेला, मागून उघडता येणारा जोड बरा.

फॉरमॅटच्या आधी डेटा बाहेर काढताना टॅलीचं फोल्डर सगळ्यांच्या लक्षात असतं, फॉन्ट मात्र राहून जातात. जुन्या नोटिसा आणि इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ते फॉन्ट आधी कॉपी करून ठेवा. नाहीतर त्या फाइल उघडल्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात आणि सेक्रेटरी तुमच्या नावाने बोटं मोडतात.

क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) केलं नाही, विंडोज कोरं इन्स्टॉल केलं. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय असल्याची खात्री केली, ८ जीबीचा पेनड्राइव्ह रूफस या प्रोग्रॅमने जीपीटी (डिस्कच्या विभागणीच्या नव्या) पद्धतीने तयार केला, बूट मेनूत ‘यूईएफआय’ उपसर्ग असलेली पेनड्राइव्हची ओळ निवडली. या वेळी जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवायची. ती लावलेली असली तर विंडोज कधी कधी बूटच्या फाइल तिच्यावर टाकतं, आणि पुढे ती डिस्क गेली की नवी एसएसडीही सुरू होत नाही. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, प्रॉडक्ट की विचारल्यावर ‘माझ्याकडे नाही’ म्हटलं तरी इंटरनेट लागल्यावर तो आपोआप लागू झाला.

विंडोज ११ चा विचार केला आणि सोडून दिला. इंटेलच्या बाबतीत ते आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतं, या बोर्डात ते नाही. आडवाटेने चढवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही, आणि हिशेबाच्या मशीनवर मला ती टांगती तलवार नको होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमधून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते येत राहतात. एसएसडीवर ६० जीबी बाजूला ठेवून लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली आहे. तिला २०२९ पर्यंत आधार आहे, बँक आणि ब्राउझर हळूहळू तिकडे नेतोय. टॅली विंडोजवरच राहील.

पेस्टचे १८० धरून खर्च ५,२५० झाला. ब्राउझर आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. त्यातला बहुतेक फरक एकट्या एसएसडीचा. ती लावून एक दिवस तसंच चालवलं होतं, तेव्हाच हे कळलं. रॅमचा फायदा टॅबची संख्या दहाच्या वर गेली की दिसतो. आय५ चे १,६०० मात्र आज पुन्हा विचारलं तर मी खर्च करणार नाही. या कामांना आय३ पुरत होता.

उरलेल्या ७५० रुपयांत नवा एसएमपीएस घ्यावा असं एका दुकानदाराचं म्हणणं होतं. त्या किमतीत मिळतो तो आहे तसलाच, नुसता स्टिकर नवा. ग्राफिक्स कार्ड नसलेलं हे मशीन भाराखालीही १०० वॉटच्या आसपासच ओढतं, त्यामुळे जुना अजून चालेल. वरचा भाग फुगलेले कपॅसिटर दिसले किंवा भार आला की मशीन अचानक रीस्टार्ट व्हायला लागलं, तर दीड-दोन हजारांचा चांगला घेईन. जुनी हार्ड डिस्क बॅकअपपुरती ठेवली आहे, महिन्यातून एकदा केबल लावतो.